डाव्या धारेचा चाकू

"हा नाही. दुसरा दाखवा," पुंजाजी म्हणाले आणि अकरावा चाकू मिटून काउंटरवर ठेवला.

अब्बासभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात आम्हाला तासभर तरी झाला असेल. वरुडच्या बाजाराचा दिवस होता. खिळे, कोयंडे, मोटारीचे पट्टे मागणाऱ्यांची रेटारेटी चालली होती, आणि पुंजाजी मात्र एकेक घडीचा चाकू उघडून पाहत होते. जंबेरीच्या रानलिंबाची एक हिरवी काडी त्यांनी मुद्दाम खिशात घालून आणली होती. चाकू उघडायचा, पातं मुठीत डुगडुगतं का ते बघायचं, मग काडीवर तिरका काप घ्यायचा आणि तो काप उजेडाकडे धरून डोळ्यांपाशी न्यायचा. मग मान हलायची. नाही.

"पुंजाजी, लग्नाची पोरगीबी इतकी नाही पाहत कोनी," अब्बासभाई म्हणाले.

"पोरगी आपलं सांभाळून घेते, भाऊ. चाकू नाही घेत. दिवसभर खिशात राह्यनार. हाताले बसला नाही तं रोज बोट कापंल."

अब्बासभाई हसले. मी हसलो नाही. मी पुंजाजींच्या हाताकडे पाहत होतो. पुंजाजी उजव्या हाताचे. भाकरी मोडणं, बिडी पेटवणं, कलम बांधणं, सगळं उजव्यानं. आणि आज प्रत्येक चाकू ते डाव्या हातात धरत होते. पातं उघडायची नखाची खाच त्यांना सापडत नव्हती, काडीवरचा काप वेडावाकडा जात होता, तरी हात बदलत नव्हते.

"डाव्या हातानं काहून पाहता?" मी विचारलं.

"असंच," ते म्हणाले आणि बारावा चाकू उचलला.

आमच्या पन्हेरीत डावा एकच होता. तो मी. नाव देविदास, पण 'डेबऱ्या' म्हणायचे मला. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि शेंदूरजनाघाटच्या वाटेवर भाऊसाहेब बेलसऱ्यांच्या पन्हेरीत माझा दुसरा हंगाम सुरू व्हायचा होता. पन्हेरी म्हणजे संत्र्याची रोपवाटिका. जंबेरीच्या रोपाची साल चिरायची, चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा पातळ सोलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. एकवीस दिवसांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा असला तर जगला, काळा पडला तर मेला. पुंजाजी घोरमाडे हे तिथले सगळ्यात जुने बांधणारे. मला चाकू धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांचा जुना चाकूच मी वापरत होतो.

आता माझा स्वभाव सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी जन्मजात संशयी. दुकानदारानं दिलेली मोड तीनदा बघणारा, कोणी गोड बोललं की ह्याचं काय काम असेल म्हणून रात्र घालवणारा. आई म्हणायची, "तुले कावीळ झाली हाय रे, देवा, सारं पिवळंच दिसते." त्यात त्या आठवड्यात संशयाला भरपूर खाद्य मिळालं होतं.

बाजाराच्या पाच दिवस आधी सकाळी मालकांनी सगळ्यांना विहिरीजवळच्या मोठ्या झाडाखाली बोलावलं. ज्या झाडाचे डोळे आम्ही सगळीकडे भरायचो ते हे झाड. मालकांच्या वडिलांनी जपलेलं. त्याचे डोळे बाहेर कोणाला द्यायचे नाहीत असा नियम होता, कारण बेलसऱ्यांच्या कलमांचं नाव त्याच एका झाडावर होतं. त्या झाडाच्या शेंड्याकडच्या दीडेकशे काड्या कोणीतरी कापून नेल्या होत्या.

मालकांनी कापलेली एक फांदी खाली ओढली. "पाहा रे. आपल्या लोकाइचा काप असा उतरते." त्यांनी हातानं दाखवलं. "अन् हा उलटा उतरला हाय. डाव्या हाताचा काप हाय हा."

सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी खिशातून चाकू काढून मालकांसमोर धरला. कलमाच्या चाकूची धार एकाच अंगानं घासलेली असते, दुसरं अंग सपाट. उजव्याचा आणि डाव्याचा चाकू त्यामुळे वेगळा. "हा पुंजाजीचा चाकू हाय, मालक. उजव्या धारेचा. यानं असा साफ काप मले येतच नाही. माह्याजवळ दुसरा चाकू नाही."

मालकांनी चाकू उलटसुलट करून पाहिला. "ठीक हाय," ते म्हणाले. "पन ऐकून ठेवा सारे. ज्याच्याजवळ डाव्या धारेचा चाकू निंघंल, त्याले मी ठान्यात देईन. अन् या पट्ट्यात त्याले कोनी पन्हेरीत पाय ठेवू देनार नाही."

हे दुसरं वाक्य ठाण्यापेक्षा भारी होतं. पन्हेरीचा धंदा सगळा भरवशाचा. गिऱ्हाईक आज कलम नेतं, त्याला फळ दिसतं पाच-सहा वर्षांनी. डोळेचोर म्हणून एकदा नाव झालं की वरुडपासून मोर्शीपर्यंत कोणी दारात उभं करत नाही. मला दुसरं काही येत नव्हतं. वडील नव्हते. घरात मी आणि आई, आणि माझ्याजवळ डाव्या धारेचा चाकू नाही, एवढाच माझा बचाव.

त्याच दिवशी संध्याकाळी मी बादली ठेवायला विहिरीकडे गेलो तर मालक आणि पुंजाजी त्या झाडाखाली उभे. पुंजाजी एका दगडावर चढून, हात वर करून काहीतरी दाखवत होते. मालकांनी कपाळाला हात लावला होता. मी दिसताच दोघंही गप्प झाले. पुंजाजी दगडावरून उतरले.

"काय पाह्यतं बे? बादली ठेव अन् जाय घरी," मालक म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी पुंजाजी मला म्हणाले, "देवा, बाजाराच्या दिवशी माह्यासंगं वरुडले चाल. चाकू घ्यायचा हाय."

तर असा मी त्या दुकानात उभा होतो. पुंजाजींनी बारावा चाकूही बाजूला सारला आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, "अब्बासभाई, डाव्या धारेचा हाय का?"

आमच्या पन्हेरीतलं कोणी दुकानात आहे का, ते मी मागे वळून पाहून घेतलं.

अब्बासभाईंनी स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून एक पुठ्ठ्याचा डबा काढला आणि त्याच्यावरची धूळ फुंकली. "एकच हाय. दोन साल झाले, पडून हाय. याले कोन घेते?"

शिंगाची काळी मूठ, कडेला पितळेची पट्टी, चार बोटांचं पातं, आणि मुठीच्या मागच्या टोकाला साल उचकायची हाडाची चपटी जीभ. पातं उघडलं की खट् आवाज करून बसत होतं, आणि मग हलवून हलत नव्हतं. चाकू देखणा होता. मी आजवर पाहिलेल्यांत देखणा. पुंजाजींनी काडीवर काप घेतला, हसले, आणि चाकू काउंटरवर माझ्यापुढे ठेवला.

"उचलून पाह्य जरा."

"मी काहून पाहू?"

"अरे, हातात घेऊन तं पाह्य. मुठीची जाडी कशी वाटते?"

मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. बोटांचे ठसे उमटतात आणि ठशांवरून माणूस पकडतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पुंजाजी माझ्याकडे पाहत राहिले. "बरं," म्हणाले आणि चाकू मिटला.

"कोनासाठी हाय?" मी विचारलं.

"लागते एका जनाले."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. फडक्यात गुंडाळलेला चाकू त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होता. त्यांनी एक पेरू काढला, आपल्या चाकूनं चार फोडी केल्या आणि दोन माझ्यापुढे धरल्या. त्यांनी त्यांची फोड खाईपर्यंत मी माझी तोंडात घातली नाही.

"काकाजी, त्या दिवशी झाडाखाली मालक काय म्हनत होते?"

"काही नाही."

"माह्याबद्दल होतं?"

पुंजाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "ते सांगाची गोष्ट नाही, देवा. तू आपल्या कामाचं पाह्य. परवा हंगाम लागते."

घरी येईपर्यंत माझं गणित बसलं होतं. पुंजाजींची नजर कमी झाली होती. हे पन्हेरीत फक्त मला ठाऊक होतं. मागच्या हंगामात शेवटच्या दोन-तीन ओळी ते मला बांधायला लावत आणि मालकांना त्यांच्या म्हणून दाखवत. मी कधी कोणाला बोललो नव्हतो. आता मी विचार केला: म्हातारा थकला. पोरगं पुढे चाललं. ते राहिलं तर आज ना उद्या मालकांना फरक कळणार. काड्या ह्यांनीच कापल्या, डाव्या हातानं कापल्या, दुकानात तेच तर करून पाहत होते! आता चाकू माझ्या गळ्यात बांधायचा की झालं. ज्यानं हाताला धरून शिकवलं तोच केसानं गळा कापायला निघाला, असं मला वाटलं, आणि वाटलं म्हणजे मी ते खरंच मानलं. आईला काही सांगितलं नाही.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मी थैली टिनाच्या खोलीत खिळ्याला अडकवली आणि ओली पोती आणायला विहिरीवर गेलो. परत आलो, डबा काढायला थैलीत हात घातला, तर हाताला फडकं लागलं. सोडून पाहायची गरज नव्हती, तरी सोडलं. शिंगाची काळी मूठ.

दाराशी सुभद्रामाय बसली होती. माझ्या ओळीत पट्ट्या बांधायचं काम तिचं. ती पट्ट्यांच्या गड्ड्या सोडवत होती.

"माय, माह्या थैलीले कोनी हात लावला?"

"पुंजाजी होते बापा आत्ता," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

म्हणजे हिलाही ठाऊक. मला वाटलं, आता झडती घेणार. चाकू विहिरीत टाकावा असं मनात आलं, पण बायका वाटेवर होत्या, बघितलं असतं. मग ठरवलं, आपणच आधी बोलायचं. आधी बोलेल त्याचं खरं.

मालक खोलीमागे बाजेवर बसून चहा पीत होते. मी चाकू त्यांच्यापुढे बाजेवर टाकला.

"मालक, हा पाहा. पुंजाजीनं माह्या थैलीत टाकला. माह्यासमोर घेतला यानं, वरुडले, अब्बासभाईच्या दुकानात. विचारा अब्बासभाईले. काड्या यानंच कापल्या."

मालकांनी बशी खाली ठेवली. "देविदास—"

"मले फसवून राहिले ते. काहून ते सांगू? त्याइची नजर गेली हाय. काडीवरचा डोळा दिसत नाही त्याइले. मागच्या साली त्याइच्या तीन ओळी म्या बांधल्या, अन् तुमाले त्याइनं आपल्या म्हनून दाखवल्या. मी राह्यलो तं उघडं पडते म्हनून मले काढाचं हाय त्याइले. चोर तो हाय, मालक, मी नाही."

मालक माझ्याकडे पाहतच नव्हते. ते माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते.

मी वळलो. पुंजाजी उभे होते. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या डोळकाड्यांची मोळी त्यांच्या काखेत होती. त्यांच्यामागे सुभद्रामाय. मी किती बोललो आणि त्यांनी किती ऐकलं हे विचारायचं कारण नव्हतं. मी ओरडूनच बोलत होतो.

"झालं तुह्यं?" मालक म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मी घाबरलो. "आता ऐक. काड्या कोनी नेल्या ते मले ठाऊक हाय. त्याच संध्याकाळी कळलं. यानंच दाखवलं." त्यांनी पुंजाजींकडे हात केला. "म्हने, मालक, पोराले दोष देऊ नका. हा डाव्या हाताचा काप नाही, उंचावरून घेतलेला काप हाय. कोनी ट्रॉलीवर उभा राहून वरून खाली कापलं, म्हनून उलटा दिसते. अन् त्या आठवड्यात या वावरात ट्रॉली एकच आली होती."

ते थांबले. चहा निवला होता, तरी त्यांनी घोट घेतला.

"आमच्या जावयाची. बेनोड्याले पन्हेरी टाकून राह्यले ते. आता सांग, पोरगी त्याइच्या घरात हाय, काय करू? ठान्यात जाऊ? आपलेच दात अन् आपलेच ओठ. म्या पुंजाजीले म्हनलं, हे आपल्या दोघातच राहू द्या. त्यानं शब्द देल्ला. अन् मंग मले म्हने, पोराचे डोळे मरतात ते हातानं नाही, चाकूनं मरतात. माह्या उजव्या धारेच्या चाकूवर झगडून राह्यलं ते. त्याले त्याच्या हाताचा चाकू घेऊन देतो, पहिल्या दिवशी. डाव्या धारेचा राहील, तुमी गैरसमज करू नका."

मी पुंजाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. मला वाटतं, ते माझ्याकडे पाहण्याचा प्रयत्न करत होते आणि इतक्या अंतरावरून मी त्यांना नीट दिसत नव्हतो.

माणूस चूक झाली की गप्प बसतो. मी तेवढंही केलं नाही. "मंग हाती काहून नाही देल्ला?" मी म्हणालो. "चोरासारखा थैलीत काहून ठेवला?"

उत्तर सुभद्रामायनं दिलं. "आवं बापा! चाकू कोनी कोनाच्या हाती देते का? मानसं तुटतात ना."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीठ, मिरची, चाकू आमच्या घरीही कोणी कोणाच्या हातात देत नव्हतं. खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. आईनं लहानपणी यासाठी मला एकदा चापट मारली होती. पण संशयानं डोकं असं भरलं होतं की रोजची गोष्ट आठवायला त्यात जागा उरली नव्हती. चाकू थैलीत का ठेवला, याचं मला एकच कारण सुचलं, आणि ते माझ्यासारख्याला सुचणारं होतं.

"काकाजी," मी म्हणालो.

पुंजाजींनी मोळी खाली ठेवली. बाजेजवळ गेले, चाचपून चाकू उचलला. पातं उघडलं, अंगठा आडवा फिरवून धार पाहिली, पुन्हा मिटलं. मग माझ्यासमोर आले, माझा डावा हात मनगटाला धरून वर केला, चाकू तळहातावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"घे," ते म्हणाले. "हाती देल्ला."

सुभद्रामायनं तोंडावर हात ठेवला. मालक बाजेवरून अर्धे उठले. "पुंजाजी, हे काय करता—"

"काड्या सुकून राह्यल्या, मालक," पुंजाजी म्हणाले. त्यांनी मोळी पुन्हा काखेत घेतली आणि ओळीकडे चालू लागले.

त्या दिवशी मी चारशे वीस डोळे बांधले. पातं सालीखाली असं सरकत होतं की हाताला जोरच लावावा लागत नव्हता. डोळा कागदासारखा पातळ सुटत होता, लाकडाचा कणही त्याला येत नव्हता. वर्षभर मी जे हाताचं वैगुण्य समजत होतो ते खरंच चाकूचं होतं. हे कोणाला तरी सांगावं असं दहादा मनात आलं. सांगण्यासारखा माणूस शेजारच्याच ओळीत वाकलेला होता. दुपारी मी भाकरी सोडून त्यांच्यापाशी गेलो आणि चुकलं म्हणालो. ते "हो" म्हणाले. पायावर डोकं ठेवायला वाकलो तर त्यांनी पाय आखडून घेतले.

एकवीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या. मालक एकेक ओळ बघत निघाले, पुंजाजी त्यांच्याबरोबर. माझ्या ओळीत शंभरात चारसुद्धा मेले नव्हते. पुंजाजींच्या ओळीत काळे डोळे बरेच होते. मागच्या वर्षी मालक ते बघून पुढे गेले असते. या वेळी ते उकिडवे बसले, मोजत राहिले, आणि उठताना त्यांनी पुंजाजींच्या तोंडाकडे पाहिलं. मी जे ओरडून सांगितलं होतं ते ते विसरले नव्हते.

"देविदासचा हात बसला," मालक माझ्या ओळीपाशी म्हणाले.

पुंजाजी वाकले, नाक लागेल इतकं जवळ जाऊन त्यांनी एक डोळा पाहिला. "चाकू चांगला हाय," ते म्हणाले.

पुढच्या हंगामात मालकांनी त्यांना बांधायला बसवलं नाही. पाण्यावर ठेवलं, आणि त्यांच्या ओळी मला दिल्या. आज माझी स्वतःची पन्हेरी आहे, सहा माणसं बांधायला आहेत, आणि लोक म्हणतात देविदास कुबडेच्या हाताला यश आहे. बेलसऱ्यांकडच्या त्या ओळींमध्ये पाणी सोडायला पुंजाजी यायचे, फावडं घेऊन, वाफ्याची कड पायानं चाचपत. आठ वर्षं येत होते. मी काम सोडून उभा राहायचो आणि "काकाजी" म्हणून हाक मारायचो. ते थांबायचे, आवाजाच्या दिशेनं मान वळवायचे आणि फार अदबीनं म्हणायचे, "बोला, देविदासजी."